नववीच्या मुलीला ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचायला द्यावी का?

प्रश्न : एक पालक, सावईवेरे

माझी मुलगी यंदा नववीत आहे. चौथीपर्यंत ती गावातल्या मराठी शाळेत शिकली, पाचवीपासून माध्यम इंग्रजी झाले आणि मराठी एका विषयापुरती उरली. घरी आम्ही कोकणी बोलतो. तिच्या मराठीच्या बाईंनी सुट्टीत हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचायला सुचवली, म्हणून माझ्या आईच्या कपाटातली जुनी प्रत मी काढून दिली. परंतु पुस्तकाची जाडी पाहूनच तिने ते बाजूला ठेवले. बालविवाहाला कायद्याने बंदी आहे, विधवांचे केशवपन आता कोणी करत नाही, मग त्या काळाची गोष्ट मी कशाला वाचू, असे ती विचारते. ही कादंबरी मला अत्यंत प्रिय असूनही तिला पटेल असे उत्तर मला देता आले नाही. शिवाय इतका दुःखद शेवट असलेले पुस्तक चौदाव्या वर्षी द्यावे का, अशीही शंका मनात आहे.

उत्तर : निवृत्त मराठी शिक्षिका, डिचोली

जरूर द्यावे. मी या कादंबरीतली प्रकरणे दहावीच्या वर्गात अनेक वर्षे वाचून दाखवली आहेत. पहिल्या वर्षी मी ती समाजसुधारणेचा पाठ म्हणून शिकवली आणि मुलांचे लक्ष लागेना. पुढल्या वर्षी मी प्रस्तावना न करता थेट कादंबरीची नायिका यमू हिचे बोलणे वाचायला सुरुवात केली, तेव्हा वर्ग ऐकू लागला.

कादंबरीचे सारे बळ त्या बोलण्यात आहे. यमू आपली हकीकत स्वतः सांगते आणि बालपणाचा भाग सांगताना तेव्हाच्या अजाण मनाने सांगते. वडिलांचा धाक, आईचे मुकाट सोसणे, दादाशी होणारी भांडणे, एवढेच काय, स्वतःचे लग्नसुद्धा ती लहान मुलीच्या कुतूहलाने पाहते, त्यामुळे तिला जे अजून उमगलेले नसते ते वाचणाऱ्याला आधीच कळून चुकते आणि तिला सावध करावे असे वाटू लागते. सांगणाऱ्याने जे सांगितले नाही ते ओळखायला शिकणे हे त्या वयाच्या वाचनातले फार मोठे पाऊल आहे, आणि या कादंबरीइतके ते सहज शिकवणारे दुसरे मराठी पुस्तक मला तरी वर्गात सापडले नाही. आपल्या मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊ नये. पहिली काही प्रकरणे वाचल्यावर तिने तो प्रश्न पुन्हा विचारला, तर मग बोलावे.

उत्तर : इतिहासाचा विद्यार्थी, पेडणे

बाईंच्या म्हणण्याला थोडी जोड देतो. हरिभाऊंचा जन्म १८६४ चा. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ही कादंबरी त्यातून क्रमशः छापली, म्हणजे लेखक तेव्हा पंचविशीत होता. त्याच सुमारास, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा होऊन मुलींशी शरीरसंबंधासाठीची किमान वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर आली, आणि त्यावरून पुण्यात मोठा वाद पेटला होता. रखमाबाईंचा जन्मही १८६४ चाच. लहानपणी लावून दिलेले लग्न मान्य नाही म्हणून त्या पतीकडे नांदायला गेल्या नाहीत, तेव्हा १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांना नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असे सांगितले. पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. कादंबरी १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला. यमूची गोष्ट संपलेल्या काळाची वाटते ती आपल्याला; साप्ताहिकाची वाट पाहणाऱ्या वाचकांच्या घरात यमू आणि तिची मैत्रीण दुर्गी प्रत्यक्ष वावरत होत्या.

उत्तर : एक वाचक, फोंडे

माझे मत थोडे वेगळे आहे. कोकणी घरातल्या आणि इंग्रजीत शिकणाऱ्या मुलीला ही पूर्ण कादंबरी एकटीने वाचायला देणे जड जाईल, आणि अर्ध्यावर सोडलेल्या जाड पुस्तकाची धास्ती पुढे बरीच वर्षे राहते, हे मी माझ्या मुलाच्या बाबतीत पाहिले आहे. मात्र त्यातले संवाद घरगुती बोलीतले आहेत, ते मोठ्याने वाचले की कानाला सहज कळतात. म्हणून रोज रात्री अर्धा तास आपण वाचावे आणि तिने ऐकावे. यमूचे पती रघुनाथराव तिला लिहायला-वाचायला शिकवतात आणि पुढे दोघे मुंबईत राहतात, तो सुखाचा भाग अजिबात गाळू नये, कारण तो मनात मुरल्याशिवाय पुढचे दुःख नीट समजत नाही. पतीच्या निधनानंतर सासरचे शंकरमामंजी तिचे जबरदस्तीने केशवपन करवतात, ते प्रकरण मात्र आपण शेजारी बसूनच वाचावे.

पालक, सावईवेरे

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी पहिले प्रकरण वाचून दाखवले. मध्ये दोन-तीन शब्द तिला अडले, ते मी कोकणीतून सांगितले. प्रकरण संपल्यावर ती काहीच बोलली नाही, पण आज शाळेतून आल्यावर दादा पुढेही यमूच्या बाजूने राहतो का, असे तिने विचारले. मी सांगितले नाही. आमच्या प्रतीची काही पाने फाटलेली आहेत, त्यामुळे रविवारी पणजीला जायचेच आहे तर तिथल्या पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करीन.