मदत हवी आहे: पट्टी भरणाऱ्याला फुकट दळण, कसं जमवायचं?
संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्याला दळण फुकट केलं, तेच आम्ही परभणीकडं आमच्या गावात करायचं म्हणायलोत, कारण पट्टी कुणी भरत नाही आन् नळाची मोटर जळली की दुरुस्तीला पैसा नसतो, बाया घागरी घेऊन हापशावर रांगेत. बचत गटाच्या बायका गिरणी चालवायला तयार हायत, समाजमंदिराची खोली पण हाय (पिठानं भिंती खराब होतील म्हणून काहीजण कुरकुर करायलेत, ते बघून घेऊ). खरी अडचण लाइटबिल आन् चालवणारीच्या पगाराची, ते ग्रामनिधीतून देता येतं का? आन् ज्याची खरंच ऐपत नाही त्याचं दळण बंद करणं मला तरी पटत नाही, त्यांच्यासाठी काय नियम ठेवलाय तुमच्याकडं? ठरावाची प्रत असेल तर टाका प्लीज, 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडायचंय.