वीसच्या आतला पट: निकाल पाहून शाळा हलवायची का?
(माळरान, फळा-खडू, पाणंद आणि चढण ही चर्चेतल्या चौघांची टोपणनावं.)

माळरान
सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळांचं समूह शाळांत (आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक मोठी शाळा) रूपांतर करण्यासाठी प्रस्ताव मागवले. पानशेत आणि तोरणमाळ हे नमुने म्हणून पुढे ठेवले होते. वीसच्या आतल्या पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक, असा आकडा तेव्हा छापून आला. शाळेमागे साडेबारा मुलं पडतात. विरोध बराच झाला, पण माझ्या मते दिशा बरोबर होती. पगाराचा खर्च हा माझा मुद्दाच नाही. चार इयत्ता आणि दोन शिक्षक असताना भाषा व गणिताला प्रत्येक इयत्तेमागे रोज एकेक तास द्यायचा ठरवला तरी आठ तास शिकवणं होतं. दोघांत वाटलं की चार-चार तास, आणि परिपाठ, पोषण आहार, इंग्रजी, परिसर अभ्यास त्याच्या वर. त्यात एक जण मतदार यादीच्या कामाला किंवा प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग एकावर येतात. संकलित चाचणीत (सत्राच्या शेवटच्या परीक्षेत) या शाळांपैकी कित्येकांचे निकाल खालच्या टोकाला का दिसतात, त्याचं उत्तर इथे आहे.

फळा-खडू
खालच्या टोकाला दिसतात हे खरं. त्याच यादीचं वरचं टोकही बघा, तिथेही छोट्याच शाळा भेटतील. ही संख्येची करामत आहे. समजा एका तालुक्यात प्रत्येक मुलाची परिच्छेद वाचता येण्याची शक्यता ६० टक्के आहे, सगळ्या शाळांत सारखीच. तिसरीत चार मुलं असलेल्या शंभर शाळा घ्या. त्यांतल्या सुमारे १३ शाळांचा निकाल १०० टक्के लागेल आणि सुमारे १८ शाळांचा २५ टक्के किंवा त्याहून कमी. शिकवण्यात तसूभर फरक नसताना! तिसरीत ६० मुलं असलेली शाळा मात्र बहुधा ४७ ते ७३ च्या दरम्यानच राहील. चार मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे २५ टक्के. ते तापाने पडलं, मामाच्या गावी गेलं, की शाळा 'क' श्रेणीत. अशा एका वर्षाच्या टक्केवारीवर 'गुणवत्ता खालावली' असा शेरा मारून शाळा हलवणं हा त्या मुलांवर अन्याय आहे.

माळरान
गणित मान्य. मग मोजायचंच नाही का? तीन वर्षांचा तिसरी-चौथीचा निकाल एकत्र केला की चोवीसेक मुलं होतात, तेवढ्यावर काहीतरी बोलता येतं.

फळा-खडू
चोवीस होत नाहीत. यंदा तिसरीत असलेलं मूल पुढच्या वर्षी चौथीत तुमच्याच बेरजेत पुन्हा येतं. तेच मूल दोनदा मोजलं की आकडा मोठा दिसतो, माहिती वाढत नाही. मोजायचं तर दोन मार्ग आहेत. एक, टक्केवारी केंद्राच्या, म्हणजे एका केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखालच्या आसपासच्या शाळांच्या गटाच्या पातळीवर काढा. एका केंद्रात अशा दहा शाळा असतील तर तिसरीची चाळीस मुलं होतात, आणि त्यावरून केंद्रप्रमुखाला दिशा कळते. दोन, शाळेच्या पातळीवर टक्केवारी सोडाच, प्रत्येक मुलाचं नाव लिहा आणि पुढे जूनची पातळी व मार्चची पातळी लिहा: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. बारा मुलांची बारा ओळींची वही पुरते. नऊ मुलं एक किंवा दोन पायऱ्या चढली, तीन जागीच राहिली, आणि ती तीन कोण, हे कळलं की शिकवणं बदलता येतं.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचे आकडेही इथे आणू नयेत. ते सर्वेक्षण घरोघर होतं, जिल्ह्याला तीस गावं आणि गावाला वीस घरं. जिल्ह्याचं चित्र त्यातून कळतं, एखाद्या वाडीवरच्या शाळेचं नाही.

पाणंद
तुम्ही दोघं निकालावर बोलताय, मुलं कोण आहेत हे अजून आलंच नाही. पट दोन-तीन वेगवेगळ्या कारणांनी घटतो आणि प्रत्येक कारणाने वर्गात उरणारी मुलं वेगळी असतात.

जन्मच कमी झालेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ (एका बाईमागे सरासरी १.७ मुलं) होता. अशा घटीत कुठल्या एकाच थरातली मुलं कमी होत नाहीत. पण तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाची पिवळी गाडी वाडीपर्यंत यायला लागली की आधी जातात ती फी परवडणाऱ्या घरची मुलं. मागे शेतमजूर, धनगर, पारधी, आदिवासी कुटुंबांची मुलं उरतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरात वाचून घेणारं कोणी नसतं. शिक्षक तोच, पुस्तक तेच, तरी सरासरी खाली येते. ती शाळेची अधोगती म्हणून नोंदवली जाते.

बीडसारख्या ऊसतोडीच्या जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे हे ठरवण्यासाठी, पट धरतात ३० सप्टेंबरचा. गाळप हंगाम त्यानंतर सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. कागदावर अठरा मुलं, जानेवारीत वर्गात नऊ. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं तर मुलं आजी-आजोबांकडे राहतात, दोन वेळचं जेवण गावातच मिळतं आणि शाळा चालू राहते. ऊसतोड मजुरांची टोळी निघून गेल्यावर वसतिगृहाची मंजुरी आली तर उपयोग शून्य, कारण गेलेलं मूल हंगामाच्या मध्ये परत येत नाही. परत आलेली मुलं एप्रिलच्या चाचणीला बसली तर शाळेचा निकाल पडतो, न बसली तर चांगला दिसतो. म्हणून टक्केवारीशेजारी पटावर किती आणि चाचणीला किती हे दोन आकडे छापल्याशिवाय ती वाचूच नये.

चढण
माळरान यांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो, कारण वरची चर्चा चौथीपर्यंतच फिरतेय. सहावी ते आठवीचं काय? तिथे विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्र असे तीन विषयशिक्षक लागतात, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर नियमित शिक्षकच मंजूर न करण्याचं ठरलं. अशा ठिकाणी आठवीचं बीजगणित कोण शिकवणार? तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला वर्गात दुसरी मुलगीच नसेल तर ती टिकणार कशी? इथे एकत्रीकरणाला विरोध करणं म्हणजे त्या मुलांना शिक्षकाविना ठेवणं आहे.

पाणंद
मोठ्या मुलांचं पटतं, पण वाहनाची हमी आधी हवी. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वाहतूक भत्ता मुलामागे महिन्याला ६०० रुपये धरला तर आठ मुलांचे ४,८०० होतात. चोवीस शाळेचे दिवस धरले की रोजचे २०० रुपये. सकाळी सोडणं, संध्याकाळी आणणं आणि दोन्ही वेळच्या रिकाम्या फेऱ्या धरून चार फेऱ्या. डोंगरातल्या सहा किलोमीटरला या पैशांत जीपवाला मिळणं अवघड, मिळाला तरी पैसे सहा महिन्यांनी आले की तो बंद करतो. मग सर्वांत आधी मुली घरी बसतात. पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलाला तर हा प्रवास लावूच नये. राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर उगाच ठरलेलं नाही. पावसाळ्यात मधला ओढा धरून अंतर मोजा, नकाशावरचं सरळ नको.

माळरान
पाचवीपर्यंत शाळा जागेवर ठेवा म्हणता, ठीक. पण मी मांडलेले आठ तास कुठे गेले?

फळा-खडू
ते आठ तास इयत्तेप्रमाणे गट केल्यामुळे होतात. भाषा आणि गणितासाठी पातळीप्रमाणे गट करा. बारा मुलांचे बहुधा तीनच गट पडतात. एक गट शिक्षकासमोर, दुसरा जोडीने वाचतोय, तिसरा दशकाच्या काड्या आणि सुट्या घेऊन हातची बेरीज मांडतोय, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी बदल. साताऱ्याच्या कुमठे बीटने (काही केंद्रांचा मिळून एक विभाग) ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकण्याच्या पद्धतीने सरकारी शाळांत हे करून दाखवलं आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. बिघडतं कुठे? साहित्य कपाटात कुलपात राहतं, म्हणून. किंवा गट जूनमध्ये पाडले की मार्चपर्यंत तेच राहतात, पुढे गेलेलं मूल मागच्या गटात अडकतं. दर सहा आठवड्यांनी गट नव्याने पाडायला हवेत.

माळरान
यासाठी दोन शिक्षक रोज हजर लागतात. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक कायद्याने आहेतच, पण मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांत वीसच्या आतल्या पटाला दुसरी जागा निवृत्त शिक्षकावर सोपवायचं ठरलं, आणि ती भरली नाही की शाळा एकशिक्षकी होते. एकशिक्षकी शाळेत तुमचे तीन गट चालत नाहीत. म्हणून अट अशी घाला: दुसरा नियमित शिक्षक १५ जूनला हजर असेल तरच प्राथमिक शाळा जागेवर ठेवायची, नाहीतर पालकांना विचारून शेजारच्या शाळेत जोडायची.

चढण
'पालकांना विचारून' म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत. त्या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. ठराव ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्या, टोळ्या गेल्यावर नको. नोव्हेंबरात बैठक लावली तर ज्यांची मुलं हलणार तेच पालक कारखान्यावर असतात.