मदत हवी आहे: उडी वाढली, धावण्याचा वेग मात्र जागच्या जागी (शालेय बास्केटबॉल, मुली)

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात क्रीडा शिक्षक आहे. आठवी-नववीच्या नऊ मुली बास्केटबॉल खेळतात. मैदान अर्धंच, सिमेंटचं, रिंग एकच. पण ती मोजून ३.०५ मीटरवर बसवून घेतली आहे. मागच्या वर्षी तालुक्याच्या सामन्यात आम्ही रिबाउंडवर (रिंगला लागून उसळलेला चेंडू पकडण्यात) हरलो आणि बचावासाठी मागे धावण्यात हरलो. म्हणून यंदा उडी आणि वेग, दोन्हींवर मेहनत घेतली.

जूनअखेर शाळा उघडली तेव्हा मोजमाप केलं. बोटांना खडू लावून भिंतीवर उभ्याने एक खूण, मग जागेवरून उडी मारून दुसरी खूण, मधलं अंतर ती उडी. धावणं २० मीटर, मोबाइलवर व्हिडिओ काढून. कोर्टच २८ मीटरचं, त्यामुळे १०० मीटरची वेळ मला इथे कामाची वाटत नाही.

सराव आठवड्यातून तीन दिवस, सोमवार धरून: दोरीउड्या, बैठका, बाकावरून उतरताच उडी आणि शेवटी २० मीटरच्या दहा धावा, एकीमागून एक.

आता डिसेंबरात आमच्या सगळ्यात चांगल्या मुलीची उडी २९ वरून ३५ सेंमी झाली. बाकीच्यांचीही ३ ते ५ सेंमी वाढली. पण २० मीटरला तिला जूनमध्ये ३.८ सेकंद लागले होते, आता ३.९. नऊपैकी सात जणींचा वेग तेवढाच किंवा कमी. उंच उडणारा खेळाडू पहिल्या पावलांतही चपळ असतो, असं मी शिकलो आहे. मग असं का?

उडी शनिवारी सकाळी मोजली. धावणं सोमवारी, कारण सरळ सपाट जागा म्हणजे गावचा सिमेंट रस्ता आणि शनिवारी तिथे बाजार भरतो.

आणखी एक. हीच सगळ्यात चांगली मुलगी महिनाभर म्हणते, "सर, गुडघ्याच्या वाटीखाली दुखून राह्यलं." तिथे टणक उंचवटा दिसतो. मी बाम लावायला सांगितलं आणि सराव चालूच ठेवला. ते चुकलं का, ही काळजी आता झोपू देत नाही.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, वर्धा):
सर, रविवारी मुली कुठे असतात? डिसेंबर आहे, कापूस फुटला आहे.

धागाकर्ता:
सात जणी आईबरोबर वेचणीला जातात. तुम्ही विचारल्यावर वही काढून पाहिली. वेग न वाढलेल्या सातांपैकी सहा त्यातल्याच निघाल्या. हे माझ्या लक्षातच आलं नाही.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, वर्धा):
दिवसभर वाकून वेचणी केली की कंबर आणि मांडीचे मागचे स्नायू सोमवारी जड असतात. धावायला तेच स्नायू लागतात. त्यामुळे दोन्ही चाचण्या एकाच वारी घ्या.

पण दोष सगळा सोमवारचा नाही. जागेवरच्या उडीत वर ढकलायला वेळ मिळतो, शिवाय हात झोकायचं तंत्र सुधारलं तरी आकडा वाढतो. धावताना पाय जमिनीवर क्षणभरच टेकतो आणि जोर पुढे लावायचा असतो. दहा धावा एकामागून एक, त्याही सरावाच्या शेवटी, म्हणजे दम वाढवणं झालं. धावा सुरुवातीला घ्या, अंग गरम झाल्यावर. १० ते १५ मीटर, सहाच, पूर्ण जोराने, मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. उड्यांच्या दोन दिवसांत निदान ४८ तास जाऊ द्या.

तिच्या उड्या आजपासून बंद. वाढत्या वयात वाटीखाली, जिथे स्नायूबंध नडगीच्या हाडाला जोडला जातो, तिथे ताण येऊन असा उंचवटा येतो. बहुतेक मुलांचं वाढ थांबली की बरं होतं, पण हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच. बाकीच्यांना उतरताना गुडघे आत वळू नयेत, हे रोज शिकवा. सिमेंटपेक्षा मातीवर उड्या घ्या. आणि हिमोग्लोबिन तपासा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खरंच घेतात का, तेही बघा.

धागाकर्ता:
ताई, मनापासून आभार. तिच्या वडिलांशी बोललो, शुक्रवारी यवतमाळला दाखवायला नेतील. वेचणी बंद करा असं मी कुणाला सांगू शकत नाही, किलोवर पैसे मिळतात. सोमवारी फक्त रिंगमध्ये चेंडू टाकणं आणि पास, उड्या नि धावा बुधवारी आणि शुक्रवारी, असं ठेवतो. शनिवारी पुरी विश्रांती दिली नाही तर चालेल का?