जिप्सम एकरी किती टाकावं? ट्रॉली परवा येतेय, लवकर सांगा

रानातला
मदत हवी आहे. आमचं दीड एकर रान पांढरं पडलंय. जुलैत आडसाली लावण केली, निम्म्या सऱ्या उगवल्याच नाहीत. जो उगवला तो ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला. औषधाच्या दुकानात एकरी चार टन जिप्सम सांगितलंय. ट्रॉली परवा येणार, आगाऊ पैसे देऊन झालेत. मला एवढंच विचारायचंय, चार टन बरोबर की जास्त? आणि विस्कटून टाकायचं की सरीत? मी पुण्यात नोकरीला आहे, रान आप्पा बघतात. आजच सांगा, प्लीज.

काळीमाती
तालुका कुठला? पाणी नदीचं की विहिरीचं? रान उंचावर आहे की खोलगट? माती तपासली का? हे कळल्याशिवाय कुणी टनाचा आकडा सांगत असेल तर ऐकू नका.

रानातला
शिरोळ. कृष्णेचं उपशाचं पाणी. माती तपासलीय, पण रान पांढरं आहे हे डोळ्यांना दिसतंय की. प्रमाण तेवढं सांगा.

हिरवळ
जिप्समवर पैसे घालू नका. मी सलग तीन वर्षं धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) केला. पंचेचाळीस दिवसांचा झाला की फुलोऱ्याच्या आत गाडायचा. माझ्या रानात आता हरभरा येतो. पहिल्या वर्षी फरक दिसत नाही, दम धरावा लागतो.

शेणखतप्रेमी
मूळ दुखणं युरिया. गोण्यावर गोण्या ओतल्या की रानात मीठ साठणारच. आधी तो बंद करा, एकरी दहा गाड्या शेणखत घाला.

निचराआधी
शेणखत घालाच, पण मीठ युरियाने आलं हे पटत नाही. हिशेब मांडून बघा. तीन इंचाची एक पाळी दिली तर एकराला सुमारे तीन लाख लिटर पाणी बसतं. पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार धरले तरी एका पाळीत दीडशे किलो मीठ रानात उतरलं. ऊस पाणी पितो, ऊन पाणी उडवतं, मीठ तिथेच राहतं. खाली निचरा असेल तर ते वाहून जातं. नसेल तर पाण्याची पातळी वर येते आणि वातीतून तेल चढावं तसं खारं पाणी मातीतून वर चढतं. वर उन्हात वाळलं की पांढरा थर.

शेणखतप्रेमी
मग आमच्या आजोबांच्या वेळी का नव्हतं? पाणी तेव्हाही देत होतेच की.

निचराआधी
मोटेने आणि नंतर डिझेल इंजिनाने देत होते. इंजिन चालू असलं की आमचे आजोबा बांधावरून हलायचे नाहीत, डिझेल जळतंय म्हणून. सरी भरली की बारं मोडायचं, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवायचं. आता मोटर रात्रीच्या लायटीवर चालू करून माणूस झोपतो, सकाळी रान तुडुंब. माझ्या घरीही हेच झालं. आमचं पाऊण एकर त्यातच गेलं.

सौरकृषी
म्हणूनच सौर पंप घ्या. २०१९ पासून कुसुम योजनेत अनुदान आहे. दिवसा पाणी, रात्रीची जागरणं बंद. कुणाला कागदपत्रं हवी असतील तर सांगा.

काळीमाती
सौर पंप चांगला, पण त्यांचा प्रश्न तो नाही. आणि दिवसा फुकट पाणी मिळालं म्हणून कुणी कमी देईल असंही नाही. रानातला, रिपोर्ट हातात असेल तर सामू (पीएच), ईसी (क्षार किती ते सांगणारा आकडा) आणि सोडियमचा आकडा इथे टाका.

रानातला
आप्पांनी फोटो पाठवला. सामू ८.१, ईसी ३.२, विनिमययुक्त सोडियम ७ टक्के. खाली लिहिलंय, माती-पाणी १:२.५. चुनखडीचा रकाना कोरा आहे. आणि आणखी एक, मागच्या वर्षीही दोन टन जिप्सम टाकलं होतं, काहीच फरक पडला नाही. म्हणून तर यंदा चार टन.

निचराआधी
हे पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं, भाऊ. ट्रॉली थांबवा.

तुमचं रान चोपण नाही, क्षारयुक्त आहे. चोपण म्हणजे विनिमययुक्त (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या वर, सामू बहुतेक ८.५ च्या पुढे. त्या रानात मातीचे कण सुटे होतात, पाणी वर गढूळ होऊन तुंबतं, वाळल्यावर ढेकूळ फुटत नाही. तिथे जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हाकलून त्याची जागा घेतं, हेच जिप्समचं काम. तुमच्याकडे सोडियम ७. हाकलायचं कुणाला? उलट जिप्सम हाही क्षारच, भरलेल्या मिठात भर.

हिरवळ
पण ईसी ४ च्या आत आहे. पुस्तकात ४ च्या पुढे गेली तरच क्षारयुक्त म्हणतात.

काळीमाती
इथेच बरेच जण फसतात. ती ४ ची रेघ मातीचा संपृक्त लगदा (पाण्याने पुरता भिजवलेला चिखल) करून काढलेल्या अर्काची. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग मातीत अडीच भाग पाणी घालून मोजतात, त्यात क्षार पातळ होतात. त्या पद्धतीत १ च्या पुढे गेलं की काळजी करायची. ३.२ म्हणजे फार जास्त. ऊस तर अर्काच्या हिशेबाने १.७ पासूनच उत्पन्नात मागे सरकायला लागतो. कापूस, बार्ली साडेसात-आठपर्यंत तग धरतात.

पर्यावरणशिक्षक
मी अकरावीला शिकवतो, मुलांना हेच उदाहरण देतो. नवीन काही नाही यात. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास सुरू झालं आणि पुढच्या काही दशकांत बारामतीकडची रानं अशीच पाणथळ होऊन क्षारपड झाली. इंग्रज इंजिनिअरांना कालव्याबरोबर चरही खणावे लागले. पाणी आणायची योजना झाली की त्याच दिवशी पाणी काढायची योजना व्हायला हवी.

शेणखतप्रेमी
युरियाचं काय ते कुणी बोललंच नाही. पिवळा पडला म्हणून त्यांनी नक्की डोस वाढवला असणार.

रानातला
हो. दोन गोण्या जास्त टाकल्या.

निचराआधी
शेणखतप्रेमी, इथे तुमचं खरं आहे, कारण मात्र वेगळं. मुळाला हवा नाही म्हणून ऊस पिवळा. पाणथळ रानात बिनहवेचे जिवाणू नत्राचा वायू करून सोडतात. ४५ किलोच्या गोणीत नत्र सुमारे २०.७ किलो, आणि तो हवेतून बांधायला कारखान्यात नैसर्गिक वायू जाळावा लागतो, त्यातलाच हायड्रोजन काढतात. ते सगळं पुन्हा हवेत. निचरा होईपर्यंत युरिया आवरा.

आता एक काम करा. आप्पांना पांढऱ्या भागात चार फूट खड्डा घ्यायला सांगा. रात्रभर उघडा ठेवा, सकाळी पाणी कुठवर आलं ते टेपने मोजा.

रानातला
(दुसऱ्या दिवशी) आप्पांचा फोन आला. दोन फुटांवरच कुदळीला ओल लागली, सकाळी दीड फुटावर पाणी उभं होतं. बोट बुडवून चाखलं तर खारट. वरचा थर पायाखाली पापडासारखा मोडतो म्हणाले. आणि पूर्वी आमच्या खालच्या बांधाला ओढा होता, तो सात-आठ वर्षांपूर्वी भावकीने मुजवून ऊस लावला. मला हे माहीतच नव्हतं.

काळीमाती
सापडलं. वरच्या सगळ्यांच्या उसाचं पाणी तुमच्या रानात उतरतंय आणि बाहेर पडायची वाट बंद. निचऱ्याचे जाळीदार पाईप साधारण चार फूट खोल गाडतात, पण त्याचं तोंड कुठे सोडणार? आधी ओढा मोकळा करा. एकट्याने जमणार नाही, वरचे चार-पाच खातेदार एकत्र आले तरच पाईपचा खर्च झेपतो. सांगलीजवळ कसबे डिग्रजला कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, दोन पाईपांत अंतर किती ठेवायचं ते तिथे विचारा. मातीप्रमाणे बदलतं.

हिरवळ
ओढा मोकळा झाला की पहिल्या पावसावर धैंचा टाका. माझ्याकडे उतार होता म्हणून मला नुसत्या धैंच्याने साधलं, हे आता लक्षात आलं.

रानातला
ट्रॉली थांबवली. आगाऊ पैसे सुटतील असं वाटत नाही, असू दे. रविवारी गावी जातोय, थोरल्या चुलत्यांशी ओढ्याचं बोलतो. आप्पा म्हणतात, भांडायला नको, खड्डाच दाखवू. डिग्रजला न्यायला माती कशी घेऊ?

निचराआधी
तीन थरांतून वेगवेगळी घ्या, एक फूट, दोन फूट, तीन फूट. चुनखडी तपासून मागा. उपशाच्या पाण्याची एक बाटलीही न्या. माती खताच्या रिकाम्या गोणीत भरू नका, आकडे चुकतात.