अनुभव धागा: फोनमधले उडालेले नंबर परत कसे आणायचे?

धागाकर्ती, नाशिकरोड

नंबर उडाले म्हटलं की शेजारीपाजारी पहिला सल्ला देतात तो प्ले स्टोअरवरून एखादं रिकव्हरी ॲप टाकायचा. त्यापेक्षा बरं काही इथे जमवूया. दुरुस्ती, सेटअप, डेटा यांत रोज हात घालणारे नाशिककर इथे बरेच आहेत. पायऱ्या लिहा, मुदती लिहा, काम कुठे अडतं आणि का अडतं ते लिहा. 'माझ्या मावसभावाचं झालं होतं' छापाचे किस्से नकोत.

सुरुवात मी करते. आधी नंबर कुठे राहत होता ते शोधा. जागा तीनच: गूगल किंवा आयक्लाउडसारखं खातं, फोनची स्वतःची मेमरी आणि सिम. त्याच काळात सेव्ह केलेला, अजून शाबूत असलेला एखादा नंबर उघडा आणि तळापर्यंत जा. तिथे तो कोणत्या खात्यातला आहे ते दिसतं. पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं.

आणि बऱ्याचदा नंबर उडालेलेच नसतात. काँटॅक्ट्स ॲपमध्ये वर 'सर्व काँटॅक्ट्स'ऐवजी एखादंच खातं किंवा नुसतं सिम निवडलं गेलेलं असतं. किंवा जीमेलचा पासवर्ड बदलल्यावर फोनवर पुन्हा लॉगिन केलेलं नसतं आणि सिंक, म्हणजे खातं आणि फोन यांची यादी आपोआप जुळणं, थांबलेलं असतं. सेटिंग्जमध्ये खात्यापुढे लाल खूण किंवा 'ॲक्शन रिक्वायर्ड' दिसतंय का, हे सगळ्यात आधी बघा.

मिस्त्री, प्रधान पार्क

ताई, तिसरं कारणही जोडा: दुकानात नवा फोन चालू करताना पोऱ्याने काढून दिलेला जीमेल. नंबर त्या खात्यात साठत राहतात, पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. जुना फोन गेला की गिऱ्हाईक म्हणतं नंबर गेले. गूगलच्या लॉगिन पानावर 'ईमेल विसरलात' दाबा, मोबाइल नंबर टाका, खात्यावरचं नाव टाका. नाव तिथे जसं लिहिलंय तसंच लागतं. पोऱ्याने आडनावाच्या जागी नुसतं 'जी' टाकलं असेल तर तेच द्यावं लागेल. हे सगळं तोच नंबर चालू असेपर्यंतच जमतं, म्हणून अशा वेळी सिम बंद पडू देऊ नका.

आता गूगल खात्यातून खरोखर डिलीट झालेल्यांचं. दोन दरवाजे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिला बिन. गूगलच्या काँटॅक्ट्स ॲपमध्ये खाली 'ऑर्गनाइझ', त्यात 'बिन', काही फोनवर 'ट्रॅश'. डिलीट केलेला नंबर तिथे ३० दिवस राहतो. हवा तो निवडा, 'रिकव्हर' दाबा. बाकीच्या यादीला धक्का लागत नाही. एकदोन नंबर गेले असतील तर इथेच थांबा.

दुसरा 'अनडू चेंजेस'. संगणकावर काँटॅक्ट्स डॉट गूगल डॉट कॉम उघडा, वरच्या चक्रावर क्लिक करा. १० मिनिटं, १ तास, काल, १ आठवडा किंवा स्वतः निवडलेली ३० दिवसांच्या आतली वेळ असे पर्याय येतात. हा अख्खी यादी त्या वेळेला होती तशी करतो. म्हणजे मधल्या आठवड्यात सेव्ह केलेले नवे नंबर जातात. म्हणून आधी 'एक्स्पोर्ट' करून आजची यादी फाइलमध्ये ठेवायची, मग मागे जायचं, मग नवे तेवढे परत घ्यायचे. डुप्लिकेट 'मर्ज' करताना दोन वेगळे सुरेश एकत्र झाले असतील तर बिनमध्ये काहीच सापडणार नाही, कारण डिलीट असं काही झालेलंच नसतं. तिथे अनडूच लागतं.

सॅमसंगच्या स्वतःच्या काँटॅक्ट्स ॲपला वेगळा ट्रॅश असतो, तीन आडव्या रेघांच्या मेनूत. गूगलचा बिन रिकामा दिसला म्हणून हात टेकू नका, तिथेही डोकवा.

घरातला जुना हँडसेट, इंदिरानगर

एक उपाय कुणी सांगत नाही. त्याच खात्याचा जुना फोन किंवा टॅब कपाटात बंद पडून असेल तर त्यात पूर्ण यादी असते. पण तो चालू होताच घरचं वायफाय पकडतो, सिंक होतो आणि तिथूनही नंबर पुसले जातात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी घरचा राउटर बंद, जुन्या फोनमधलं सिम बाहेर, मग फोन चालू, लगेच विमान मोड. आता काँटॅक्ट्समधून यादी एक्स्पोर्ट करा. व्हीसीएफ, म्हणजे नंबरांच्या यादीची फाइल तयार होते. ती ब्लूटूथने किंवा केबलने काढून घ्या आणि मगच राउटर चालू करा.

प्रश्न, सिडको

सासऱ्यांचे सगळे नंबर सिमवर होते. सिम फोरजीचं करून आणलं, आता यादी कोरी आहे. गूगलचा बिनही कोराच. दुकानदार म्हणतो सिममधून काढून देतो. देईल का?

सिमकार्डवाला, शालिमार

सिमचे नंबर गूगलच्या बिनमध्ये कधीच येत नाहीत, त्यामुळे तिथे शोधण्यात अर्थ नाही. पण ताई, तुमचं काम सोपं आहे. नव्या सिमवर कंपनी फक्त तुमचा मोबाइल नंबर आणते, फोनबुक आणत नाही. जुनं सिम फेकलं नसेल तर नंबर अजून त्यातच आहेत. त्याची सेवा बंद झाली तरी आतलं फोनबुक वाचता येतं. ते सिम कुठल्याही अँड्रॉइडमध्ये घाला, काँटॅक्ट्स ॲपमध्ये 'इम्पोर्ट', 'सिम कार्ड', आणि कुठे ठेवायचं विचारलं की गूगल खातं निवडा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, ॲप्स, काँटॅक्ट्स, 'इम्पोर्ट सिम काँटॅक्ट्स'.

सिमवर पिन असेल तर अंदाजपंचे आकडे मारू नका. तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिमचं कुलूप उघडायचा कोड मागतो, पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं मेलं.

सिमवरून एकेक करून डिलीट केलेला नंबर मात्र परत येत नाही. सिमच्या चिपमध्ये प्रत्येक नंबरला ठरावीक खाना असतो. डिलीट म्हणजे तो खाना कोऱ्या चिन्हांनी भरून टाकणं. खाली जुनं काही उरत नाही. कुणी काढून देतो म्हणाला तर आधी दाखव, मग पैसे.

सिमवरून आलेली नावं तुटकी दिसतील. साधारण २५० नंबर मावतात, नावाला इंग्रजीत पंधराएक अक्षरं, देवनागरीत त्याहून कमी. 'प्लंबर पंचवटी कारंजा'चं 'प्लंबर पंचव' झालं असेल तर तो बिघाड नव्हे, जागाच तेवढी.

प्रश्न, सिडको

जुनं सिम सापडलं, डब्यात होतं. धन्यवाद काका.

आयफोनचं काम, कॉलेज रोड

आयफोनवाल्यांसाठी. संगणकाच्या ब्राउझरमध्ये आयक्लाउड डॉट कॉम उघडा, लॉगिन करा, ठिपक्यांच्या चौकटीतून 'डेटा रिकव्हरी', मग 'रिस्टोअर काँटॅक्ट्स'. मागच्या तारखांच्या प्रती दिसतात. नंबर जाण्याच्या लगतच आधीची तारीख निवडा. ही प्रत त्या ॲपल खात्याच्या प्रत्येक उपकरणावरची यादी बदलते. आत्ताच्या यादीचीही आपोआप एक प्रत ठेवली जाते, त्यामुळे चुकीची तारीख निवडली गेली तरी मागे फिरता येतं.

सगळेच नंबर एकदम गेले असतील तर रिस्टोअरच्या आधी सेटिंग्जमध्ये आयक्लाउडपुढचं काँटॅक्ट्सचं बटण बघा. ते बंद करताना 'डिलीट फ्रॉम माय आयफोन' दाबलं गेलं असेल तर फक्त फोनवरची प्रत गेलीय, आयक्लाउडवरची जागेवर आहे. बटण चालू करा, 'मर्ज' निवडा. बऱ्याच आयफोनमध्ये नंबर आयक्लाउडऐवजी जीमेलमध्येच साठत असतात. मग वर मिस्त्रीभाऊंनी सांगितलेला रस्ता.

नंबरांसाठी अख्खा फोन रीसेट करून बॅकअप चढवायला कुणी सांगितलं तर थांबा. नंबर आयक्लाउडला सिंक होत असतील तर ते त्या बॅकअपमध्ये वेगळे नसतातच. मेहनत जाते आणि बॅकअपनंतरचे फोटो वगैरे जातात ते वेगळंच.

डेटा काढणारा, अंबड

आता रिकव्हरी ॲपबद्दल, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक लोक ते करूनच येतात.

अँड्रॉइडमध्ये सगळे नंबर एका डेटाबेस फाइलमध्ये असतात. ती फाइल सिस्टमच्या बंद कप्प्यात असते, साध्या ॲपला तिथे प्रवेश नाही. ॲपला परवानगी मिळते ती फक्त आत्ता दिसणारी यादी वाचायची. म्हणजे 'स्कॅन'मध्ये ४३२ काँटॅक्ट्स सापडले म्हणून जे दाखवतं ते बहुधा तुमचेच, न उडालेले नंबर. खालचं वाचायचं तर फोन रूट करावा लागतो, म्हणजे सिस्टमचे सगळे अधिकार मिळवावे लागतात. रूटसाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप उघडावं लागतं. आणि ते उघडताना फोन स्वतःच सगळा डेटा पुसतो. इथे वाट बंद होते.

पूर्वी हे जमायचं कारण मेमरी एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात नसायची. आता प्रत्येक नव्या अँड्रॉइडमध्ये ती असते आणि किल्ली प्रोसेसरमध्ये गुंतलेली असते. मेमरीची चिप उचलून दुसरीकडे वाचली तरी हाती नुसता कचरा येतो. फॅक्टरी रीसेटनंतर किल्लीच नष्ट होते. त्यामुळे फोनच्या मेमरीतून काढून देतो म्हणणाऱ्याकडे पैसे आगाऊ देऊ नका.

मात्र 'फोन'मध्ये सेव्ह असलेल्या नंबरांनाही एक संधी असते. सेटिंग्ज, गूगल, त्यात 'रिस्टोअर काँटॅक्ट्स'. फोनचा गूगल बॅकअप चालू होता तर डिव्हाइसवरच्या काँटॅक्ट्सची प्रत तिथे सापडते, जुन्या फोनच्या नावानिशी. फोन ५७ दिवस वापरात नसला तर ती प्रत पुसली जाऊ शकते. हरवलेल्या किंवा फुटलेल्या फोनचं काम म्हणूनच लांबणीवर टाकू नये.

मिस्त्री, प्रधान पार्क

पाण्यात पडलेल्या फोनचं लिहितो. रामकुंडावर खिशात फोन ठेवून डुबकी मारणारे कायमच येतात. चार्जरला लावू नका, तांदळात पुरू नका. बंद ठेवा, सिम काढा, बोर्ड साफ करायला आणा. इथे चिप वाचायची नसते, बोर्ड जिवंत करायचा असतो. एकदा चालू करून पिन टाकता आला की काम झालं.

फक्त डिस्प्ले गेला असेल तर ओटीजी (फोनला यूएसबी वस्तू जोडायचा छोटा ॲडॉप्टर) लावून माउस जोडा. निम्मा डिस्प्ले दिसत असेल तर तेवढ्यावर यादी एक्स्पोर्ट होते. फोन रीस्टार्ट मात्र करू नका. रीस्टार्टनंतर पहिला पिन टाकेपर्यंत नंबर कुलपात असतात. फोन नुकताच चालू केला असताना कॉल आला की नावाऐवजी नुसता आकडा दिसतो ना, ते त्यामुळेच. मेलेल्या स्क्रीनवर आंधळेपणाने पॅटर्न काढणं फार अवघड.

हिशेबनीस, सातपूर

व्हीसीएफ फाइलबद्दल. फोनच्या फाइल्स ॲपमध्ये शोधात नुसतं व्हीसीएफ टाका. कधीकाळी कुणाला पाठवलेली, व्हॉट्सॲपवरून आलेली अख्खी यादी सापडते. जुन्या ईमेलच्या अटॅचमेंटमध्येही बघा.

फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि मराठी नावांच्या जागी बरोबरची (=) चिन्हं आणि आकडे-अक्षरांच्या रांगा दिसल्या तर फाइल खराब नाही. जुन्या पद्धतीने तशीच लिहिली जाते. सेव्ह न करता बंद करा आणि फोनमध्ये इम्पोर्ट करा, नावं नीट येतात. हाताने ओळी जुळवल्या की मात्र बिघडते.

यादी सीएसव्ही, म्हणजे रकान्यांच्या साध्या मजकूर फाइलमध्ये असेल तर एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडू नका. मराठी नावांचं भजं होतं आणि बारा आकडी नंबर ९.१९ई+११ असा होतो. त्यावर सेव्ह केलं की शेवटचे आकडे कायमचे गेले. 'डेटा' टॅबमधून मजकूर फाइल म्हणून आणा, यूटीएफ-८ निवडा, नंबरच्या रकान्याला 'टेक्स्ट' करा. गूगल एका वेळी ३,००० काँटॅक्ट्स इम्पोर्ट करू देतं. एजंट, अडत्यांच्या याद्या मोठ्या असतात, फाइल तोडून घ्या.

द्राक्ष पॅकिंग, पिंपळगाव बसवंत

कुठलीच प्रत नसेल तर यादी नव्याने उभी करायची. हंगामात मजूर टोळीवाले, गाडीवाले, खोकेवाले सगळे फोनवरच असतात, थांबून चालत नाही. काँटॅक्ट डिलीट झाला तरी व्हॉट्सॲपचं चॅट राहतं, वर नावाऐवजी नंबर दिसतो. आतलं बोलणं वाचून माणूस ओळखता येतो. ग्रुपच्या सदस्य यादीत न सेव्ह केलेल्या नंबरापुढे त्याने स्वतः ठेवलेलं नाव येतं. कॉल लॉगमध्येही आकडे असतात, पण तो लवकर भरतो, म्हणून आजच स्क्रीनशॉट घ्या. सिमकंपनीच्या ॲपमधून कॉलचा तपशील मागवता येतो. त्यात साधारणपणे आपण केलेले कॉल असतात, आलेले नसतात. यूपीआय ॲपचे जुने व्यवहारही चाळा, बँकेतलं नाव तिथे मिळतं.

'माझे नंबर गेले, सगळ्यांनी मेसेज करा' असं स्टेटस ठेवताना 'नावासकट मेसेज करा' हे लिहायला विसरू नका.

सायबर कामातली, गंगापूर रोड

त्या स्टेटसनंतर अनोळखी नंबरावरून 'ताई मी अमुक, नंबर बदललाय' असे मेसेज येतात. जुन्या नंबरावर आवाज ऐकल्याशिवाय सेव्ह करू नका. काँटॅक्ट रिकव्हरीसाठी कुणी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं ॲप) पाठवली, स्क्रीन शेअर करायला लावली किंवा ओटीपी मागितला तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन.

सिमकार्डवाला, शालिमार

कीपॅड फोनवाले राहिले. मेनूत 'कॉपी' आणि 'मूव्ह' असे दोन पर्याय असतात. फोनमधून सिमवर नेताना 'कॉपी'च घ्या. 'मूव्ह'मध्ये सिम भरलं की काही नंबर इकडे, काही तिकडे होतात आणि लोक म्हणतात अर्धे उडाले. ब्लूटूथ असेल तर सगळे नंबर थेट स्मार्टफोनला पाठवा, नावंही तुटत नाहीत. आणि स्मार्टफोनवर पोचल्यावर काँटॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये नव्या नंबरांसाठीची जागा 'फोन' किंवा 'सिम' असेल तर ती बदलून गूगल खातं करा.