मुलाखतीत 'तुम्हाला काही विचारायचंय का?' म्हटल्यावर नेमकं काय विचारावं?

नमस्कार मंडळी,

सॉफ्टवेअरमध्ये नऊ वर्षं झाली, बहुतेक सगळी बॅकएंडवर. सध्या दोन ऑफर हातात आहेत आणि पगारात फारसा फरक नाही. त्यामुळे गाडी 'तिथलं वातावरण कसं आहे' यावर अडलीये, आणि ते बाहेरून ओळखायचं कसं हेच कळेना.

मला काय हवंय ते सांगते. कॉफी, टेबल टेनिस असलं तर असू दे. सलग दोन-तीन तास कुणी हाक मारू नये, एवढं मिळालं तरी पुष्कळ. डोक्यात चार फाइल्स आणि एक अर्धवट शंका धरून बसलेलं असताना 'एक मिनिट आहे का?' आलं, की ते एक मिनिट अर्ध्या तासाला पडतं.

पण त्याहून मोठं म्हणजे, चूक झाल्यावर काय होतं? पहिल्या नोकरीत मी टेस्टिंगचा समजून प्रॉडक्शनच्या, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या डेटाबेसवर अपडेट चालवलं, तेही वेअर क्लॉज (नेमक्या कुठल्या नोंदी बदलायच्या ती अट) न लावता, म्हणजे सरसकट सगळ्याच नोंदी बदलल्या. (हसून घ्या.) बॅकअपवरून दोन तासांत डेटा परत आला, पण माझ्या नावानिशी अख्ख्या विभागाला मेल गेली. मग लोक रिलीज करायलाच, म्हणजे नवे बदल प्रॉडक्शनवर टाकायलाच घाबरू लागले. आठवड्याचा रिलीज महिन्यावर गेला, एकेका रिलीजमध्ये ढीगभर बदल साचायला लागले, आणि काही मोडलं की कशानं मोडलं ते सापडेना. प्रॉडक्शनचा पासवर्ड सगळ्यांच्या लॅपटॉपवर होताच कशाला, हे कुणीच विचारलं नाही. मी सोडून निघाले तेव्हाही तो तिथंच होता.

सॉफ्टवेअर टीम कितपत चांगली ते जोखणारी, जोएल स्पोल्स्की या प्रोग्रॅमर-ब्लॉगरची २००० सालची १२ प्रश्नांची चाचणी माहीत आहे. सोर्स कंट्रोल (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी व्यवस्था) वापरता का, हा त्यातला पहिला प्रश्न आज विचारला तर लोक हसतील. काम करायला शांतता मिळते का, हा आठवा मात्र अजून ताजा आहे. पण ते सगळे हो-नाहीचे प्रश्न. एका ठिकाणी विचारून पाहिले, तर प्रत्येकाला हसतमुख 'हो'. 'आमच्याकडे ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम होतात', म्हणजे काही बिघडलं की कुणाला दोष न देता कारण शोधतात, हेही ओघानं आलंच.

तर, थाप मारायला अवघड जाईल असं काय विचारता तुम्ही? आणि ऑन-कॉलचं (काही बिघडलं तर रात्री-अपरात्रीही फोन घ्यायची पाळी) खरं कसं काढून घेता?

प्रतिसाद १
'होतं का' विचारूच नका. 'सिस्टीम शेवटची कधी बंद पडली आणि दुसऱ्या दिवशी काय केलंत' विचारा. गोष्टीत माणूस येतो की अलर्ट, टेस्ट, परवानग्या येतात, ते ऐका. 'आमच्याकडे काही पडतच नाही' म्हणाले तर मी तरी जाणार नाही.

प्रतिसाद २
ऑन-कॉलसाठी आकडा मागा. रोटेशनमध्ये माणसं किती? दोन असतील तर दर दुसरा आठवडा तुमचा. गेल्या आठवड्यात रात्री किती वेळा फोन वाजला, हे मॅनेजरला नको, टीममधल्या कुणाला तरी विचारा. अशी भेट घालून देतात का, त्यावरूनही बरंच कळतं.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. पहिल्या ठिकाणी टीममधल्या कुणाशी बोलायला मिळेल का म्हणून आत्ताच मेल टाकलीये. उत्तर आलं की इथंच लिहिते.