ब्योमकेश बक्षी: गुन्हा कसा केला, कुठे फसला?

बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' ही बंगाली गुप्तहेराची मालिका (दूरदर्शन, पहिलं पर्व १९९३, दुसरं १९९७) बारकाईने पाहिलेल्यांनी लिहा. 'ब्योमकेश झालेले रजित कपूर छान' एवढं पुरणार नाही. हत्यार काय, युक्ती कोणती, ती कुठे फसली, ते हवं. रहस्यं उघडी होणार, तेव्हा ज्यांनी पाहिली नाही त्यांनी जपून वाचा.

—

'रास्ते का काँटा'. हत्यार म्हणजे सायकलची घंटी: आत स्प्रिंग आणि गोळीच्या जागी ग्रामोफोनची पोलादी पिन. सावज समोर आलं की घंटी वाजवायची. स्प्रिंगचा आवाज त्यातच बुडतो, आणि भर रस्त्यात घंटी वाजली तर संशय कोण घेणार? पिना तेव्हा डबीने मिळायच्या, वापरून टाकून द्यायच्या, म्हणजे खरेदीवरूनही माग निघत नाही. फसलं ते एकाच्या खिशातल्या घड्याळामुळे. पिन त्यात रुतली, माणूस वाचला आणि हत्याराचा पुरावा हाती आला.

—

वरच्यांना एक शंका. पिन फार हलकी असते. घंटीत मावेल एवढ्या स्प्रिंगने ती कपडे भेदून हृदयापर्यंत जाणं अवघडच. पण कथेचा डोलारा उभा आहे तो घंटीच्या आवाजावर, आणि तो भाग पक्का आहे.

—

माझ्या मते सर्वांत प्रामाणिक भाग 'मकडी का रस'. म्हाताऱ्याला कोळ्याच्या विषाचं व्यसन. घरची माणसं अन्न, औषधं, येणारी पाकिटं सगळं तपासतात, तरी नशा चालूच. विष असतं लिहिण्याच्या शाईत, आणि लिहिता लिहिता पेन चोखलं की ते पोटात जातं. ब्योमकेश दुसऱ्या कामात अडकलेला, म्हणून पाहणीला त्याचा मित्र अजित जातो आणि ब्योमकेश त्याच्या वर्णनावरून उत्तर काढतो. म्हणजे त्याच्याइतकंच आपल्यालाही ठाऊक असतं! हा भाग दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा के. के. रैनांच्या अजितचं बोलणं नीट ऐका.

—

'सीमंत हीरा': हिरा प्लास्टरच्या नटराजात, मूर्ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. प्लास्टर ऑफ पॅरिस काही मिनिटांतच घट्ट होतं, त्यामुळे ओलं असतानाच हिरा आत बसवला की बाहेर सांधा दिसत नाही.

—

'अग्निबाण'मध्ये योजना तिच्याच साधेपणामुळे उलटते. काडेपेटीत विषारी वायूची काडी, पेटवणारा जागीच गार, अंगावर जखम नाही. नेम बायकोवर, पण सकाळी चूल पेटवायला जाते मुलगी. घरातली काडेपेटी कोण उचलेल हे ठरवता येत नाही, हे त्या शास्त्रज्ञ बापाने धरलंच नव्हतं.

—

'साही का काँटा' विसरू नका. साळिंदराचा काटा पाठीतून डावीकडे, थेट हृदयावर. एक जण वाचतो, कारण त्याचं हृदय उजवीकडे असतं. मूळ कथा १९६७ची, म्हणजे ब्योमकेशचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय पुण्यात राहत होते तेव्हाची. ते १९५२ पासून पुण्यात होते. कोलकात्याच्या या गुन्ह्यांची कागदावरची जुळवाजुळव आपल्या पुण्यात होत होती, याचा मला फार अभिमान वाटतो.

—

आणि ब्योमकेशची बायको सत्यवती म्हणजे आपली सुकन्या कुलकर्णी! पाहताना क्रम मालिकेचाच ठेवा. 'रास्ते का काँटा'ची मूळ कथा आधी लिहिलेली आहे, पण ब्योमकेश आणि अजितची मेसमधली पहिली भेट 'सत्यान्वेषी'त आहे. तो आधी पाहिला नाही तर अतुल नावाने आलेला भाडेकरू कोण, हे ओळखण्याची मजा जाते.